वेष्टनावरील मौन आणि बोक्याचे वजन

शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण ज्या घरांत जन्माला आली त्या घरांत बोक्याच्या वजनाची चिंता कोणी वाहत नव्हते. दूध-लोणी आढ्याला टांगलेले असे. बोक्याच्या वाट्याला ताटातले उष्टे, मासळीची डोकी आणि स्वतःच्या पराक्रमाने मिळतील तेवढे उंदीर येत. त्याच्या आहाराचे नियंत्रण कोणी हेतुपुरस्सर करीत नव्हते. टंचाईच ते काम परस्पर उरकीत होती. पुण्या-मुंबईच्या सदनिकांतील आजच्या मांजराची स्थिती नेमकी उलट आहे. उंदीर नाहीत, चढायला कौले नाहीत, निर्बीजीकरण झालेले आहे, दिवसाचे बहुतेक तास खिडकीत किंवा सोफ्यावर झोपेत जातात आणि वाडग्यात कोरड्या खाद्याचे दाणे सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेले असतात. शिंके आता कायमचेच तुटले आहे.

परिणाम व्हायचा तो होतो. निर्बीजीकरणानंतर मांजराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. दोहोंतील तफावत पोटाखाली लोंबू लागते. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका अधिक, सांध्यांचे दुखणे अधिक, आणि स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवणेही त्याला जड जाते. पशुवैद्यक वजन कमी करण्याचा सल्ला देतात व गृहस्थ दुकानात जाऊन उभा राहतो. तेथे त्याच्यापुढे दहा-बारा प्रकारच्या पिशव्या मांडलेल्या असतात. कोणावर ‘लाइट’ असे लिहिलेले, कोणावर ‘इनडोअर’, कोणावर ‘वेट कंट्रोल’. चित्रातली मांजरे सगळीच सडपातळ. किमती मात्र एकमेकींच्या दुप्पट-तिप्पट. यातील नेमकी कोणती पिशवी घ्यावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण अपुऱ्या माहितीच्या बाजारात सामान्य ग्राहकाचे काय होते, याचा इतका सुटसुटीत नमुना शोधूनही सापडणार नाही.

वजन कमी करावयाचे तर सर्वप्रथम एकच गोष्ट कळावयास हवी: या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये उष्मांक किती? (उष्मांक म्हणजे येथे किलोकॅलरी.) बाकी सर्व माहिती त्यानंतरची. आणि नेमका हाच आकडा आपल्याकडील कित्येक पिशव्यांवर आढळत नाही. मागच्या बाजूस प्रथिने किमान इतके टक्के, स्निग्धांश किमान इतका, तंतू व ओलावा कमाल इतका, अशा चार ओळी असतात. समोरच्या बाजूस विशेषणे असतात. ज्यासाठी ग्राहक आलेला आहे तो आकडा दोन्ही बाजूंना नसतो.

माणसासाठी विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या साध्या पुड्यावर मात्र तो असतो. २०२० च्या अन्न-लेबलविषयक नियमांनी वेष्टित पदार्थांवर दर १०० ग्रॅममागे उष्मांक छापणे उत्पादकांवर बंधनकारक केले आहे. पण २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने ‘अन्न’ या संज्ञेची व्याख्या करतानाच पशुखाद्य तिच्यातून वगळले आहे. गाईच्या पेंडीचा विचार करताना ते योग्यच होते. पेंड घेणारा शेतकरी आपल्या जनावराचे दूध रोज मोजत असतो. खाद्याचा कस त्याला चरवीत दिसतो. मांजर पाळणाऱ्याला असे कोणतेही माप नाही. त्याला खाद्याचा कस वर्षभराने पशुवैद्यकाच्या वजनकाट्यावर कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

आकडा छापलेला नसला तरी तो अंदाजाने काढता येतो. गणित शाळकरी आहे. प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख यांच्या टक्केवारीची बेरीज १०० मधून वजा केली की उरतात ते पिष्टमय पदार्थ. मग प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांच्या दर ग्रॅमला साडेतीन आणि स्निग्धांशाच्या दर ग्रॅमला साडेआठ उष्मांक धरावेत. केवळ उदाहरणादाखल दोन पिशव्या कल्पू. पहिली साधी: प्रथिने ३२, स्निग्धांश १६, तंतू ३, ओलावा १०, राख ७. शिल्लक ३२ पिष्टमय. हिचे १०० ग्रॅममागे ३६० उष्मांक होतात. दुसरी ‘वजन नियंत्रणा’ची: प्रथिने ३६, स्निग्धांश १०, तंतू ७, ओलावा ९, राख ८, शिल्लक ३०. हिचे ३१६. म्हणजे एवढ्या गाजावाजानंतर दोहोंत फरक आहे सुमारे १२ टक्क्यांचा. वाडगा पूर्वीसारखाच भरून ठेवणाऱ्या घरात हा फरक मांजर दोन घास अधिक खाऊन सहज भरून काढील.

(राखेचा आकडा पुष्कळदा छापलेला नसतो; कोरड्या खाद्यात तो सात-आठ टक्के धरून चालता येते. ‘किमान’ स्निग्धांश हा प्रत्यक्षात अधिकही असू शकतो. म्हणून या रीतीने निघणारे उत्तर हा अंदाज आहे, आणि तो बहुधा उत्पादकाला अनुकूल असा अंदाज आहे, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.)

आता मांजराच्या बाजूने पाहू. ज्याचे योग्य वजन ४ किलो असावयास हवे, पण जे ५ किलो २०० ग्रॅमवर गेले आहे, अशा बोक्याचा विचार करा. पशुवैद्यक विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची गरज ज्या सूत्राने काढतात त्यानुसार ४ किलो वजनाला दिवसाकाठी सुमारे २०० उष्मांक लागतात. वजन उतरवावयाचे असेल तर या आकड्याच्या ८० ते १०० टक्क्यांपासून प्रारंभ करण्याची रीत आहे. मधला १८० चा आकडा धरला, तर पहिल्या पिशवीतील ५० ग्रॅम किंवा दुसऱ्या पिशवीतील ५७ ग्रॅम, एवढाच त्याचा दिवसाचा शिधा. दोहोंत ७ ग्रॅमचा फरक. मुठीतून सांडले तरी कळू नये इतका. याउलट पेल्याने किंवा वाटीने अंदाजे माप घालणाऱ्या हाताची चूक १० ग्रॅमची सहज होते. पहिल्या पिशवीच्या हिशेबाने तेच ३६ उष्मांक झाले, म्हणजे दिवसाच्या शिध्याचा पाचवा हिस्सा. पिशवीची निवड करून जे साधले असते त्याच्याहून अधिक मापाच्या ढिलाईत वाहून जाते. म्हणून वजन उतरविणारी पहिली खरेदी ही खाद्याची नव्हे. ग्रॅम दाखविणाऱ्या स्वयंपाकघरातील लहानशा वजनकाट्याची होय.

मग ‘वजन नियंत्रणा’चे महाग खाद्य ही निव्वळ फसवणूक समजावी काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. किलोमागे पहिल्या पिशवीची किंमत ४०० रुपये व दुसरीची ५६० रुपये आहे असे समजू. पहिल्या खाद्याचा दिवसाचा खर्च २० रुपये, दुसऱ्याचा जवळजवळ ३२. महिन्याला सुमारे ३६० रुपयांचा फरक. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरात ही रक्कम नजरेआड करण्यासारखी नाही. पण या पैशात काय मिळते तेही पाहिले पाहिजे. शिधा कमी केला की केवळ उष्मांकच कमी होत नाहीत. त्याबरोबर प्रथिने, क्षार व जीवनसत्त्वेही कमी होतात. पहिल्या पिशवीतील ५० ग्रॅमांत १६ ग्रॅम प्रथिने आहेत, दुसरीतील ५७ ग्रॅमांत साडेवीस. मांजर हा जन्मजात मांसाहारी प्राणी. त्याचे स्नायू टिकावयाचे तर वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे काही पोषणतज्ज्ञांचे मत आहे. ४ किलोच्या बोक्याला म्हणजे २० ग्रॅम. या कसोटीला दुसरी पिशवी उतरते, पहिली उतरत नाही. पहिलीवर ठेवलेल्या बोक्याचे वजन उतरेल हे खरे. पण उतरलेल्या वजनात चरबी किती आणि मांस किती, हे काटा सांगत नाही.

तेव्हा निवडीची कसोटी समोरचे विशेषण ही नव्हे आणि किलोमागील किंमत हीही नव्हे. दर १०० उष्मांकांमागे प्रथिने किती आणि दिवसाच्या शिध्याला रुपये किती, हे दोन आकडे पाहावेत. वर घेतलेल्या उदाहरणात पहिल्या पिशवीत दर १०० उष्मांकांमागे सुमारे ८.९ ग्रॅम प्रथिने येतात, दुसरीत ११.४. मांजर किंचितच जड असेल तर साधे खाद्य मोजून घालणे पुरेसे आहे. जास्तीचे पैसे द्यावयाचे कारण नाही. वजन बरेच उतरवावयाचे असेल तर जास्तीची किंमत ही या अडीच ग्रॅमांची किंमत आहे असे समजून द्यावी, आणि ते अडीच ग्रॅम पिशवीत खरोखर आहेत की नाहीत हे आधी पाहावे.

वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन प्रत्येक वेष्टनावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापण्याचे बंधन आले. सुधारणा स्वागतार्ह होती. तांदूळ, साखर, साबण यांच्या तुलनेत तिचा उपयोग उघड आहे. या ठिकाणी मात्र तीच सुधारणा ग्राहकाला चुकीच्या दिशेने नेते. मांजर किलोवर जगत नाही, उष्मांकांवर जगते. किलोमागे स्वस्त दिसणारे खाद्य उष्मांकांनी विरळ असेल तर शिधा अधिक लागतो. दाट असेल तर वजन वाढते. योग्य एककाशिवाय किंमत छापली म्हणजे पारदर्शकता आली, असा समज आपल्या अनेक सुधारणांच्या मुळाशी असतो.

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे हटतो आणि वाईट माल उरतो, असे त्याने दाखवून दिले. या विचारासाठी २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मांजराच्या खाद्याचा बाजार मोटारींच्या बाजारापेक्षाही एक पाऊल पुढे आहे. मोटार घेणारा निदान ती स्वतः चालवितो. येथे पैसे देणारा एक आणि खाणारा दुसरा. खाणाऱ्याला बोलता येत नाही, आणि तो चवीने खातो म्हणून पैसे देणारा संतुष्ट होतो. शिवाय विक्रेत्याचा नफा वाडगा भरणाऱ्या हाताच्या सैलपणावर वाढतो. मोजून घालणारा ग्राहक हा त्याचा चांगला ग्राहक नव्हे. पिशवीच्या मागे ‘इतक्या वजनाच्या मांजरास इतके ग्रॅम’ असे जे कोष्टक असते ते वाचताना ही गोष्ट विसरू नये. कोष्टकात मांजराचे आजचे वजन पाहून शिधा शोधला, तर लठ्ठ मांजराला त्याच्या लठ्ठपणाचे बक्षीसच मिळते. शोधावयाचे ते योग्य वजन.

सगळा दोष बाजाराचा आहे असेही नाही. एकत्र राहणाऱ्या कुटुंबातील मांजर हे गावच्या गायरानाच्या उलट असते: गायरानात सर्वजण चारतात म्हणून गवत संपते, येथे सर्वजण चारतात म्हणून मांजर वाढते. सकाळी आजी दूध घालते, दुपारी शाळेतून आलेला नातू दाणे घालतो, संध्याकाळी कार्यालयातून येणाऱ्या सूनबाईंच्या पायांत ते अशा रीतीने घोटाळते की जणू दिवसभर उपाशी आहे. प्रत्येकाचा घास लहान, प्रत्येकाची माया खरी, आणि बेरीज कोणीच करीत नाही. म्हशीच्या दुधात १०० ग्रॅममागे १०० हून अधिक उष्मांक असतात. अर्धी वाटी दूध म्हणजे शिध्याचा तिसरा हिस्सा एका वेळेत संपला. आणि प्रौढ मांजराला दूध लागते ही समजूतही तितकीशी खरी नाही. अनेकांना ते पचतही नाही. सकाळीच दिवसाचा शिधा एका डब्यात मोजून काढून ठेवावा आणि ज्याला द्यावयाचे असेल त्याने त्याच डब्यातून द्यावे. डबा रिकामा म्हणजे दिवस संपला.

पूर्वी कोठे ही पिशव्यांची भानगड होती, घरचा दूधभात-पोळी घाला, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील. पूर्वीचे मांजर उंदीर खात होते म्हणून दूधभातावर तगले, हे ते विसरतात. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते. ते मांसात असते, भात-पोळीत नसते. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील पडदा निकामी होतो हे १९७५ साली सिद्ध झाले. पुढे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की परिपूर्ण म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यांवर वाढलेल्या मांजरांनाही टॉरिनच्या उणिवेमुळे हृदयविकार होत होता. त्यानंतर उत्पादकांनी त्याचे प्रमाण वाढविले. या इतिहासातून दोन गोष्टी एकदमच निघतात: घरच्या दूधभातावर विसंबू नये, आणि पिशवीवरील ‘परिपूर्ण’ या शब्दापुढेही डोळे मिटू नयेत. ‘धान्यविरहित’ हा नवा शब्दही त्याच पंक्तीतला. दाणा आकाराला येण्यासाठी पिष्ट लागतेच. गहू-तांदूळ काढले की त्या जागी वाटाणा-बटाटा येतो. वर सांगितलेली वजाबाकी करून पाहावी म्हणजे खरे काय ते कळेल.

ओले खाद्य वजन उतरविण्यास सोयीचे, कारण त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते आणि तेवढ्याच उष्मांकांत पोट अधिक भरते. पण ते महाग पडते व दिवसभर उघडे ठेवता येत नाही. नोकरदार घरात कोरडे खाद्यच राहणार. फार तर रात्री थोडे ओले घालून तितके उष्मांक दाण्यांतून वळते करावेत.

ज्या देशात मुलांच्या कुपोषणाचा प्रश्न सुटलेला नाही, त्या देशात बोक्याच्या लठ्ठपणावर वृत्तपत्राची जागा खर्चावी काय, असा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे. सरकारचीही भूमिका काहीशी तीच असावी. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा गुराढोरांच्या खाद्याला करमाफी मिळाली आणि मांजर-कुत्र्यांच्या वेष्टित खाद्यावर १८ टक्क्यांचा दर बसला. चैनीवर कर बसावा, याबद्दल तक्रार नाही. पण ज्या वस्तूवर सरकार कर घेते, तिच्या खरेदीदाराला तिच्याविषयीची प्राथमिक माहिती मिळवून देण्याची जबाबदारीही त्याच्याकडे येते. आणि मांजर पाळणारा म्हणजे धनिक, हे चित्र आता जुने झाले. रस्त्यावरचे पिलू उचलून आणणारा महाविद्यालयीन विद्यार्थी आणि दोन खोल्यांत राहणारी सेवानिवृत्त शिक्षिका हेही याच बाजारातले ग्राहक आहेत. न छापलेल्या आकड्याची किंमत धनिकाला जाणवत नाही, यांना जाणवते.

अमेरिकेत पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने जे आदर्श नियम केले आहेत, त्यांत उष्मांकांचा आकडा वेष्टनावर देणे आवश्यक ठरविले आहे. मांजराच्या कोरड्या खाद्याला ‘लाइट’ म्हणावयाचे असेल तर त्यात किलोमागे ३,२५० हून अधिक उष्मांक असता कामा नयेत, अशी मर्यादाही घातली आहे. म्हणजे शब्द वापरावयाचा तर आकडा पाळावा लागतो. आपल्याकडे याहून काही अधिक मागावयाचे कारण नाही. दर १०० ग्रॅममागे उष्मांक, राखेची टक्केवारी, आणि ‘लाइट’ वा ‘वजन नियंत्रण’ या शब्दांना अशीच एखादी मर्यादा, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. प्रयोगशाळेत हे आकडे उत्पादकाला आधीच ठाऊक असतात. छपाईत एका ओळीची भर पडेल.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण, कस व किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. त्या हक्काचा आधार घेऊन ही मागणी कोणी तरी केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे लावून धरावयास हवी. ज्या पुण्या-मुंबईत १९७० च्या दशकात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेथे मांजरे पाळणारी घरेही थोडी नाहीत. दुकानदाराला ‘यात उष्मांक किती?’ असे विचारणारी दहा गिऱ्हाइके आठवड्यात आली तरी तो प्रश्न वितरकापर्यंत पोहोचतो.

तोवर काम घरच्या काट्यावरच भागवावे लागेल. मांजराला कडेवर घेऊन माणसाने वजनकाट्यावर उभे राहावे आणि मग आपले एकट्याचे वजन त्यातून वजा करावे. आठवड्याला अर्धा ते दोन टक्के घट ही सुरक्षित समजली जाते. ५ किलो २०० ग्रॅमच्या बोक्यात ती २५ ते १०० ग्रॅम भरते. घरगुती काट्यावर एवढा बारीक फरक आठवड्याला दिसेलच असे नाही, म्हणून महिन्याच्या नोंदींवरून निर्णय करावा. घाई करून उपास घडवू नये. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते प्राणावर बेतू शकते. तशी वेळ आल्यास काटा बाजूला ठेवून पशुवैद्यकाकडेच गेले पाहिजे. सारे सुरळीत चालले आणि आठवड्याला सरासरी ५० ग्रॅम उतरले, तर १,२०० ग्रॅम उतरण्यास २४ आठवडे लागतील. तेवढ्या काळात घरात दुसऱ्या पिशवीतले साडेनऊ किलो खाद्य लागेल, आणि त्याचे ५,३०० रुपयांहून अधिक मोजावे लागतील.